मी माळावर गाडी घातली

गावाचं नाव मी लिहिणार नाही. सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा आणि सांगोला यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात ते आहे, एवढं पुरे. नाव दिलं तर शोधत आणखी गाड्या जातील. माझ्या हातून जेवढा उपद्रव झाला तेवढा बास आहे.

आमचं चिपळूणला औषधांचं दुकान आहे. वीस वर्षांत मी त्या काउंटरमागून फारशी हललेली नाही. माझी धाकटी नणंद शैला मात्र शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टी लागली की कुठे ना कुठे निघते. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली तेव्हा तिने मलाही ओढलं. "वहिनी, समुद्र नाही, डोंगर नाही, नुसता माळ. असं कधी बघितलंयस?" तिने फोनवर एका साहसी पर्यटनाच्या कॅम्पचं माहितीपत्रक दाखवलं. जाड टायरच्या गाड्या, दोरीवरून घसरत जाणं, तंबूतला मुक्काम. खाली डोक्यावर मातीचा घडा घेतलेली एक बाई हसत होती. 'आमच्या भागीदार' असं तिच्याखाली लिहिलं होतं आणि त्याच्याखाली 'तुमच्या मुक्कामातून गावाचा शाश्वत विकास'. वाचून मला बरं वाटलं. आपण मजा करायची आणि त्यात कुणाचं तरी भलंही व्हायचं, याहून सोयीचं काय असणार!

शनिवार

सोलापूर स्टेशनवर कॅम्पची जीप घ्यायला आली होती. मंगळवेढ्याच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीत ज्वारी उभी होती, आत माणूस शिरला तर दिसणार नाही इतकी उंच, कणसं भरत आलेली. आम्ही भात खाणारी माणसं. ज्वारीचं असं दाट रान मी पहिल्यांदाच बघत होते. पुढे जमीन काळ्याची तांबूस झाली, खडे वर आले, ज्वारी संपली आणि गवत सुरू झालं. पिवळं, गुडघ्याएवढं, वाऱ्यावर एकाच दिशेला झुकणारं. मधूनच एखादी बाभळ, एखादं बोरीचं झुडूप. बाकी नजर जाईल तिथवर आभाळ.

आमच्याकडे कोकणात सडे असतात. कातळाचे, उन्हाळ्यात काळेठिक्कर पडणारे. बाहेरची माणसं येऊन "इथे तर काहीच नाही" म्हणतात तेव्हा मला राग येतो. कारण पावसाळ्यात त्याच कातळावर काय काय फुलतं ते मी लहानपणापासून बघितलंय. आणि त्या दिवशी जीपच्या खिडकीतून बघत मीच शैलाला म्हणाले, "अगं, इथे तर काहीच नाही!"

कॅम्पवर फेटे बांधून स्वागत झालं. मॅनेजर नीलेश तरुण होता, बोलायला गोड. मोठ्या स्पीकरवर गाणी चालू होती. जेवणात पनीर, मंच्युरिअन आणि पिवळा पुलाव. मी भाकरी मागितली तर तो ओशाळून म्हणाला, "पाहुण्यांना सवय नसते मॅडम, म्हणून ठेवत नाही." शैलाने विचारलं, गावातलं कोण कोण इथे काम करतं? "आहेत ना, दोघं गेटवर आहेत," तो म्हणाला. स्वयंपाकी पुण्याहून आणले होते.

संध्याकाळी शैला दोरीवर चढली. मधोमध तिची कप्पी अडकली आणि ती पाऊण तास माळावर लोंबकळत राहिली. खालून मी धीर देत होते, पण हसू आवरत नव्हतं. परत येताना मी गवतातून आले आणि सलवारीला शेकडो कुसळं चिकटली. एकेक उपटायला गेलं की आतच घुसायचं. तंबूत बसून भुवयांच्या चिमट्याने ती काढता काढता मी मनातल्या मनात म्हटलं, झालं आपलं साहस.

रविवार

सकाळी गाड्यांची फेरी होती. एटीव्ही म्हणतात त्या गाड्यांना. मोटरसायकलसारखं हँडल, चार फुगीर टायर. नीलेश सगळ्यांत पुढे, मग पाहुणे, शेवटून दुसरी मी आणि माझ्यामागे शैला. सुरुवातीला मी घाबरत होते. दहा मिनिटांनी भीती गेली. खोटं कशाला बोलू, मला फार मजा येत होती. आयुष्यभर मी जपून चाललेली बाई. इथे अंगठा दाबला की गाडी उसळत होती, तोंडावर गार वारा, अडवायला कुणी नाही. एके ठिकाणी तारेचं कुंपण संपलं, खुणेचे झेंडेही संपले. पुढच्या गाड्यांची धूळ चुकवायला मी बाजूने, गवतातून गाडी घातली. समोर एक छोटासा उंचवटा होता. त्याच्यावरून उडी मारून पलीकडे जायचं मी ठरवलं.

पलीकडे उतरले तेव्हा चाकाखाली काहीतरी कडकड मोडलं.

मला वाटलं, वाळलेलं झुडूप असेल. गाडी थांबवली, मागे बघितलं. बांबूचं मोठं डालगं, कोंबड्या झाकायला वापरतात तसं, चेपून जमिनीला लागलं होतं. त्याच्यातून आवाज येत होता. तान्हं बाळ रडावं तसा.

बोरीच्या झुडपाआडून एक बाई धावत आली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. डालगं उचकटलं आणि बाजूला फेकलं. आत तीन कोकरं होती. एक पाय झाडत उठलं. दुसऱ्याचा मागचा पाय उलटा वळला होता आणि तेच ओरडत होतं. तिसरं हललंच नाही.

"काय केलंस गं बाई!" ती म्हणाली. ओरडून नाही. तिला खरंच कळत नव्हतं, आणि मलाही.

मी गाडीवरून उतरले आणि तिथेच बसले. शैला मागून आली, गाडी बंद करून धावली. दोन-तीन दिवसांची कोकरं होती. आया चरायला गेल्या की पिल्लांना उन्हावाऱ्यापासून, घारीपासून जपायला अशी झाकून ठेवतात, हे मला नंतर कळलं. माळावर काहीच नाही असं मी म्हटलं होतं ना!

नीलेश वळून आला. गाडीवर बसल्या बसल्याच त्या बाईला म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना, इथे थांबायचं नाही म्हणून? ट्रॅक आहे हा."

"ट्रॅक कवा झाला?" ती म्हणाली. "गायरान हाय ह्ये. माज्या सासऱ्याचा आजाबी हितंच मेंढरं चारायचा."

नीलेशचा हात खिशातल्या पाकिटाकडे गेला. "घे आणि विषय संपव."

"मला नगं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "ह्या बाईला जाऊ देऊ नगंस. आय यील आता ह्येची. त्ये हिला बगू दे."

नीलेश म्हणाला, "मॅडम, तुम्ही चला, हे लोक असंच करतात." मी म्हणाले, "मी इथे थांबते." मोठेपणा म्हणून नव्हे. त्या गाडीवर पुन्हा बसणं मला शक्यच नव्हतं. शैलाही थांबली.

तिचं नाव मंगल. पस्तिशीची असेल. नवरा पुण्याला कंपनीत, घरी सासरे, दीर आणि साठेक मेंढरं. पूर्वी दिवाळीनंतर ते कळप घेऊन लांब जायचे. आता सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून वर्षभर ह्याच माळावर.

माझ्या खांद्यावरच्या छोट्या पिशवीत प्रथमोपचाराचं सामान होतं. औषधवाल्या बाईची सवय. मी पुढे सरसावले. मोडलेल्या पायाची जखम स्पिरिटने पुसली, वर मलम फासलं. पट्टी बांधायला आधार काय घ्यावा ते मला सुचेना. मंगलने मोडक्या डालग्याच्या चार कामट्या दातांनी सोलल्या, पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि पदराची किनार फाडून अशी बेताने गुंडाळली की कोकरू गप्प झालं. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी आपल्या हातून झालं.

दुपारी उन्हं कलली आणि मेंढरं परतली. काळ्या तोंडाची एक मेंढी सरळ डालग्याच्या जागी आली, मेलेलं कोकरू हुंगलं आणि ओरडायला लागली. मी मेंढ्या ओरडताना ऐकल्या होत्या, पण हे वेगळं होतं. ती पायाने त्याला उठवत होती. जरा लांब जायची, हाक मारायची, मागे वळून बघायची, पुन्हा यायची. मंगलने मला बघायला लावलं आणि मी बघितलं.

दुसरा धक्का पुढेच होता. मंगलने जखमी कोकरू त्याच्या आईपुढे ठेवलं. ती पहिलटकरीण होती. तिने हुंगलं, दचकून मागे सरली आणि डोकं खाली घालून त्याला ढकलून दिलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढकललं. मंगल खाली वाकली, कोकराचा वास घेतला.

"काय लावलंस गं ह्येला?"

"स्पिरिट. आणि मलम. जखम चिघळू नये म्हणून."

"आता वळखंना ती त्येला. वासावर वळखत्यात ह्या. तू वासच पुसलास की."

आधी गाडीने मारलं, मग औषधाने आई तोडली. दुपारभर मी स्वतःला थोडी थोडी माफी देत आले होते, ती तिथे संपली.

मंगल मात्र हातावर हात धरून बसली नाही. तिने मेलेलं कोकरू उचललं, जखमी कोकराच्या पाठीवर, डोक्यावर, शेपटीपाशी त्याचं अंग कितीतरी वेळ चोळलं. मग कोकरू त्या ओरडणाऱ्या काळतोंडीपुढे ठेवलं आणि आम्हाला म्हणाली, "लांब व्हा."

काळतोंडी गप्प झाली. तिने शेपटीपाशी हुंगलं, मग तोंड बाजूला केलं. पुन्हा हुंगलं. कोकरू तीन पायांवर लटपटत तिच्या पोटाशी गेलं. तिने लाथ मारली नाही. प्यायला दिलं असंही नाही, पण ती उभी राहिली.

"सकाळी कळंल," मंगल म्हणाली. "चला घरला. तुमी तरी काय खाल्लंय सकाळधरनं?"

ज्या बाईने हिचं कोकरू मारलं तिला ही जेवायला बोलावत होती. शैलाने कॅम्पवरून आमच्या पिशव्या आणल्या. तिथलं काहीच आम्हाला नको होतं.

मंगलच्या वस्तीवर तिने ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी आणि ताटलीत वाफाळतं, पातळ, तपकिरी माडगं वाढलं. एक घोट घेतला आणि मी चमकले. "हे तर कुळीथ!"

"कुळीत काय? हुलगं हाय त्ये."

आमच्याकडे ह्याच कडधान्याची पिठी करतात, भातावर घेतात, वर आमसूल. मंगलला भातावरचं हुलगं ऐकून हसू आलं. दिवसभरात ती पहिल्यांदा हसली आणि शैला एकदम तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने फोन काढला, ते माहितीपत्रक उघडलं आणि मंगलपुढे धरलं.

घडा घेतलेली बाई मंगलच होती.

मंगलने फोन हातात घेऊन जवळ नेला. "व्हय की. मीच हाय. पर हा घडा कुनाचा? आमी तर हांड्यानं पानी आनतो." खाली काय लिहिलंय ते तिने विचारलं. शैलाने वाचून दाखवलं. भागीदार म्हणजे काय, तेही सांगितलं.

"आट दिस भांडी घासली म्या तितं," मंगल म्हणाली. "मंग म्हनाले, येऊ नगंस, अंगाला मेंढराचा वास येतो, पाव्हन्यास्नी चालत न्हाय. फोटू कवा काढला त्ये बी ठावं न्हाय."

त्या फोटोकडे बघूनच मी चिपळूणहून निघाले होते. त्याच बाईच्या माळावर गाडी चालवायला.

तिचे सासरे, बिरूआबा, कोपऱ्यात घोंगडं पांघरून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "उद्या गावसभा हाय. गायरान त्यास्नी द्यायचं म्हनत्यात. समदंच."

सोमवार, सव्वीस जानेवारी

सकाळी आधी आम्ही वाड्यावर गेलो, म्हणजे मेंढरं कोंडतात तिथे. काळतोंडी बसली होती आणि पायाला कामट्या बांधलेलं कोकरू तिच्या पोटाशी घुसून शेपटी हलवत पीत होतं. मंगलने मान डोलावली, एवढंच. मी मात्र तोंड फिरवून रडून घेतलं.

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे भिंतीकडेला. सरपंच एक तरुण बाई होत्या, पण तासभर त्यांच्या वतीने दुसरेच बोलत होते. मग नीलेश उभा राहिला. गायरान पर्यटनासाठी दिलं तर काय काय होईल ते त्याने सांगितलं. रस्ता होईल, दिवे येतील, वीस माणसांना काम मिळेल. लांडग्यांची सफारी सुरू करू, पाहुण्यांना गाडीतून थेट बिळापाशी नेऊ, सगळ्या महाराष्ट्रातून लोक येतील.

एकाने विचारलं, "पर गाड्या आत्ताच गायरानात फिरत्यात की."

"एकही गाडी गायरानात जात नाही," नीलेश शांतपणे म्हणाला. "आमचा ट्रॅक आमच्या भाड्याच्या जमिनीत आहे. काल जे झालं ते मेंढ्या आमच्या हद्दीत आल्यामुळे झालं."

इतकं सरळ, डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलताना मी माणूस बघितला नव्हता. आदल्या दिवशी ह्याच माणसाच्या मागे मी कुंपणाबाहेर गेले होते.

मंगल उठली. तिचा आवाज कापत होता. "उंचवट्याच्या पल्याड, बोरीपाशी हुतं माजं डालगं. त्ये गायरानच हाय. समद्यास्नी ठावं हाय."

"कोण बघायला होतं?" कुणीतरी पुढून म्हणालं.

मी उभी राहिले. ग्रामसेवक म्हणाले, "बाहेरच्यांना बोलता येणार नाही." मी खाली बसणारच होते. आयुष्यभर कुणी बस म्हटलं की मी बसत आले आहे. तेवढ्यात सरपंचबाई म्हणाल्या, "सभेची अध्यक्ष मी आहे ना? बोलू द्या त्यांना." पुढच्या खुर्च्यांवरच्या माना एकदम त्यांच्याकडे वळल्या. त्या स्वतःही जरा दचकल्यासारख्या वाटल्या.

"गाडी मी चालवत होते," मी म्हणाले. "कुंपण आणि झेंडे मागे राहिले होते. मी मजेसाठी उंचवट्यावरून गाडी उडवली. कोकरू माझ्या चाकाखाली मेलं. ह्यांची काही चूक नव्हती." आणखी काय बोलावं ते सुचलं नाही. मी खाली बसले.

मग मला वाटलं तसं काही झालं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पांढऱ्या टोपीतले एक मध्यमवयीन शेतकरी उठले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, तुमी उद्या जाशीला. मेंढरं आता गावात चार घरांचीच राहिली. बाकीच्यांची पोरं पुन्या-ममईला कामाला. हितंच काम मिळत आसंल तर नगं कशाला म्हनायचं? तुमच्या गावाकडं पाव्हनं येतात का न्हाय?"

येतात. समुद्रावर येतात, आणि माझ्या भावाचं घर त्यांच्यावरच चालतं. मी होकारार्थी मान हलवली. तेव्हा मंगलच पुन्हा म्हणाली, "येऊ द्या की पाव्हनं. कोन नगं म्हनतंय? पर पायी फिरवू आमी त्यास्नी. भाकरी आमी घालू. गायरान कशाला द्यायचं?"

सभेचा रंग बदलतोय हे नीलेशच्या लक्षात आलं असावं. तो बिरूआबांकडे वळला. "आबांचं नुकसान कशाला करू आम्ही? आबांनाच गाइड करू. लांडग्याचं बीळ ह्या गावात फक्त आबांना माहीत आहे. हो ना आबा? आज दाखवा, उद्यापासून काम सुरू."

बिरूआबा काठीवर भार देत उठले. डोळे बारीक करून त्यांनी नीलेशच्या आवाजाच्या दिशेला, पण त्याच्या जरा बाजूला बघितलं. "बाबा, मोतीबिंदू झालाय मला. समोर तू हुबा हायस का खांब, त्ये कळंना. बीळ कुटलं दावू तुला?"

सगळं पटांगण हसलं. नीलेशही हसला, पण त्याचं तोंड उतरलं.

हात वर करून मोजणी झाली. भिंतीकडेच्या बायकांनी आधी एकमेकींकडे बघितलं, मग एकेक हात वर गेला. गायरान द्यायचं नाही आणि त्यात गाड्या घालायच्या नाहीत, असं थोडक्याच हातांच्या फरकाने ठरलं. पाहुण्यांना पायी फिरवायचं काम गावातल्या माणसांनी करावं, हेही सरपंचबाईंनी स्वतः सांगून लिहून घ्यायला लावलं.

मी मंगलकडे बघितलं. तिला आनंद झालेला दिसला नाही. कॅम्पच्या बाजूने हात वर केलेल्यांत एकजण मान खाली घालून उभा होता. उठून तो आमच्या समोरून गेला, तिच्याकडे न बघता.

"दीर माजा," मंगल म्हणाली. "कॅम्पच्या गेटावर कामाला हाय. आता ठेवत्यात का बगायचं."

मला पुन्हा बसल्या जागी हादरा बसला. हे तिला सकाळीही माहीत होतं. तरी ती उठली होती. "तुझ्याशी बोलत नाही का आता?" मी विचारलं.

"बोलंल," ती म्हणाली. "आज न्हाय तर दिवाळीला बोलंल."

मंगळवार

आमची गाडी दुपारची होती. पहाटे, नुकतं दिसायला लागलं तेव्हा बिरूआबांनी काठीने दार ठोकलं. "उटा पोरींनो. चपला नगंत, आवाज व्हतो. जाड मोजं घाला."

थंडी बोचत होती. आबा पुढे, मागे मी आणि शैला. गुडघे गेलेला माणूस इतका भराभर चालतो हे बघून आम्ही थक्क झालो. ते मधूनच थांबून दाखवत होते. इथं ससा बसला होता. ही माळटिटवीची जागा, ओलांडून जा. गवतात मला गवतच दिसत होतं, ते मात्र पुस्तक वाचावं तसे वाचत चालले होते. एका लवणाच्या, म्हणजे खोलगट जागेच्या, काठाला पोचलो तेव्हा त्यांनी हाताने आम्हाला खाली बसवलं आणि लांब, समोरच्या उताराकडे बोट केलं.

"दिसली का? पांढऱ्या धोंड्याच्या डाव्या अंगाला. कान हलला बगा."

मला धोंडासुद्धा नीट दिसत नव्हता. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. स्वच्छ होते, पाणीदार.

"आबा, तुम्हाला मोतीबिंदू..."

"काल हुता," आबा म्हणाले.

शैलाने तोंडावर हात दाबला. मी सभेत खरं बोलले म्हणून रात्रभर स्वतःवर जरा खूष होते. हा माणूस खोटं बोलला होता, तोंडावर एक रेघ न हलवता, आणि त्या उतारावरचं सगळं त्यामुळे जागच्या जागी राहिलं होतं.

"मग आम्हाला कशाला दाखवलंत?"

"तुमी चालत आलात म्हनून." मग जरा थांबून म्हणाले, "आन तू भर सभेत आपलं नाव घेतलंस. लोक घेत न्हाईत."

तेवढ्यात ती मला दिसली. गवताच्याच रंगाची, सडपातळ, पाय लांब. लांडगा म्हणजे मोठं, भेसूर काहीतरी, अशी माझी समजूत होती. ही तर आमच्या गल्लीतल्या कुत्रीहून थोडीच थोराड होती. तिच्या मागून तीन पिल्लं बिळातून बाहेर पडली, एकमेकांच्या अंगावर कोसळत.

"गेल्या साली हिनं माजी दोन मेंढरं नेली," आबा कुजबुजले.

"मग तुम्ही हिला मारलं नाहीत?"

"तिला बी पोरं हायती की."

मादी एकदम थांबली. तिने मान उचलून आमच्या दिशेला बघितलं. वारा आमच्याकडून तिकडे फिरला असावा. पिल्लं तिच्या पोटाकडे झेपावत होती, पण ती त्यांना जवळ येऊ देईना, आमच्यावरची नजर काढेना.

आम्ही जेमतेम पाच मिनिटं बसलो असू. माझ्या अंगावर काटा होता. आयुष्यात मला पुन्हा असं काही दिसणार नव्हतं. आणखी थोडा वेळ, असं मी आबांना म्हणणार होते.

"बगितलं न्हव?" आबा म्हणाले. "उटा आता. आपन हाय तवर ती पोरास्नी पाजायची न्हाय."

आम्ही वाकूनच मागे सरलो आणि आलो त्याच पावलांनी परत फिरलो.